शिदोरीवाचूनचा प्रवासी

फलनाचा धडा वर्गात बहुधा घाईने उरकला जातो. शिकविणारा संकोचतो, ऐकणारे मान खाली घालतात. मी तर भाषेचा शिक्षक. तथापि ‘शुक्रपेशी अंडपेशीला मिळते व नव्या जीवाचा आरंभ होतो’ या एवढ्याशा वाक्यामागे केवढा वृत्तान्त दडला आहे हे वाचनात आले, आणि तो तुम्हांस सांगितल्यावाचून राहवेना.

मानवी शुक्रपेशीची लांबी मिलिमीटरच्या सुमारे विसाव्या हिश्शाएवढी. डोक्यात पित्याकडील आनुवंशिक द्रव्य, मानेखाली तंतुकणिकांचे वेटोळे आणि मागे लांब शेपूट. पक्व होताना ती आपल्यातील बहुतेक पेशीद्रव टाकून देते. ओझे हलके होते खरे, पण अन्नाचा साठाही जवळपास उरत नाही. शिदोरी न बांधताच निघालेला हा प्रवासी! वाटेत मिळेल त्यावरच त्याला निभवावे लागते. वीर्यातील साखर ती फलशर्करा, हे केंब्रिजच्या थॅडियस मान यांनी १९४६ साली दाखविले. पुढे स्त्रीशरीरातील स्रावांत द्राक्षशर्करा आणि दुग्धाम्ल असतात. आमच्या कोकणी घरांत उन्हातून आलेल्या पाहुण्यापुढे आधी गूळपाणी ठेवतात, त्याची येथे आठवण होते.

परंतु पोहोचला म्हणजे प्रवासी कार्यास योग्य झाला, असे नाही. काचपात्रात शुक्रपेशी व अंडपेशी एकत्र ठेवून फलन घडविण्याचे यत्न अनेकांनी केले, ते फसत. कारण उमगले १९५१ साली. अमेरिकेत मिन च्युए चांग यांनी सशांवर, आणि ऑस्ट्रेलियात सी. आर. ऑस्टिन यांनी उंदरांवर, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, हे दाखविले की शुक्रपेशीने मादीच्या शरीरात काही काळ घालविल्यावाचून तिला फलनाची पात्रता येत नाही. सशात हा काळ सुमारे सहा तासांचा. ऑस्टिन यांनी या तयारीस ‘कॅपॅसिटेशन’ असे नाव दिले. आपण तिला ‘क्षमतार्जन’ म्हणू. या ज्ञानाच्या आधारे चांग यांनी १९५९ साली शरीराबाहेर फलित झालेल्या अंडांपासून सशांची जिवंत पिले जन्मास आणली. मानवाचे असे पहिले बालक १९७८ च्या जुलैत इंग्लंडमध्ये जन्मले.

या काळात घडते तरी काय? पेशीच्या आवरणातील कोलेस्टेरॉल निघून जाते. बायकार्बोनेट आणि कॅल्शियम आत शिरतात. पेशीतील प्रथिनांना फॉस्फेट जोडले जाते, आणि ते फॉस्फेट ए. टी. पी. या ऊर्जावाहक द्रव्यातून काढून द्यावे लागते. शेवटी शेपटीची संथ वळवळ सुटून चाबकासारखे रुंद फटकारे सुरू होतात. अंडपेशीभोवतीचे कवच भेदण्यास तेच उपयोगी पडतात. म्हणजे तयारीलाही खर्च, आणि तयारीनंतरच्या धडपडीलाही.

ही ऊर्जा मिळविण्याचे मार्ग दोन. वेटोळ्यातील तंतुकणिका प्राणवायूच्या साहाय्याने ती निर्माण करतात. शेपटीत मात्र प्राणवायूवाचूनच शर्करेचे विघटन चालते. प्राणवायूचा मार्ग अधिक किफायतीचा, तेव्हा त्यावरच सारे चालत असेल, असे मलाही वाटले होते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उंदरांच्या शुक्रपेशींतून शेपटीतील शर्करा-विघटनाचे एक विकर नाहीसे करण्यात आले. प्राणवायू पूर्वीइतकाच खर्च होत होता. पण शुक्रपेशींची पुढे सरकण्याची शक्ती गेली आणि ते नर वंध्य ठरले. माद्यांत काहीही उणे नव्हते. अपत्य नसले की पहिले बोट सुनेकडे दाखविणाऱ्या घरांनी हा प्रयोग अवश्य वाचावा.

मात्र उंदरांचा नियम सर्वांना लागू पडत नाही. वळूच्या शुक्रपेशींचे हेपॅरिनच्या साहाय्याने क्षमतार्जन होत असता द्रवात द्राक्षशर्करा असली, तर तीच तयारी रखडविते, असे १९८९ साली आढळले. म्हणून गुरांचे फलन काचपात्रात घडविताना सामान्यतः द्राक्षशर्करा वगळलेला द्रव वापरतात.