उपकारस्तुती : ख्रिस्ती प्रार्थनेतील कृतज्ञताभाव

प्रार्थना म्हटली की वर्धा जिल्ह्यातील माणसाला सेवाग्राम आठवते, हे स्वाभाविकच आहे. सर्वधर्मप्रार्थनेची परंपरा तेथे गांधीजींच्या काळापासून चालत आली. पवनारच्या विनोबांनी तर 'ख्रिस्तधर्म-सार' हा ग्रंथच सिद्ध केला. असे असूनही ख्रिस्ती प्रार्थनेशी आपल्यापैकी बहुतेकांचा परिचय डोळे मिटणे आणि शेवटी 'आमेन' म्हणणे एवढ्यापुरताच असतो. माझाही तसाच होता. रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या कविता अभ्यासताना 'उपकारस्तुती' हा शब्द भेटला आणि त्याने माझी पाठ सोडली नाही. मी ख्रिस्ती नाही. देवळीच्या एका कापूस पिकवणाऱ्या घरातला विद्यार्थी म्हणून या शब्दाचा जो विचार झाला, तो येथे मांडत आहे.

प्रथम शब्दच पाहू. 'आभार' या शब्दात भार आहे. 'कृतज्ञ' म्हणजे केलेले जाणणारा. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही आपल्या परंपरेतील कल्पना तर सरळ कर्जाचीच भाषा बोलते, आणि कर्ज म्हटले की ते फेडणे आले. आपल्या खेड्यात 'आभारी आहे' असे तोंडाने म्हणण्याची रीत नाही. कोणी अडीनडीला उपयोगी पडला, तर त्याच्या अडचणीला धावून जायचे, झाले. ख्रिस्ती उपकारस्तुतीत मात्र फेडीचा प्रश्नच निकालात काढलेला आहे. देवाने जे दिले ते कृपेने दिले. त्याची परतफेड अशक्य आहे, आणि मागितलेलीही नाही. माणसाने ते ओळखावे आणि बोलून दाखवावे, एवढीच अपेक्षा. मला वाटते, हिशेबी माणसाला फेडण्यापेक्षा हे अवघड जात असावे.

ख्रिस्ती उपासनेत देवाची स्तुती, पापांगीकार, उपकारस्तुती, इतरांसाठी मध्यस्थी आणि स्वतःसाठी मागणे, असे प्रार्थनेचे निरनिराळे भाग असतात. त्यांत उपकारस्तुतीचे स्थान फार वरचे आहे. प्रभुभोजनाच्या विधीला जगभर जे 'युखारिस्त' नाव आहे, त्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच आभार मानणे असा आहे. येशूने शिष्यांसोबत शेवटचे भोजन केले, तेव्हा भाकर हाती घेऊन प्रथम देवाचे आभार मानले, असे शुभवर्तमानात आहे. ती त्याच्या मृत्यूच्या आदली रात्र होती. सगळे सुरळीत चालले असता म्हटलेले हे आभार नव्हेत, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावी.

लूकच्या शुभवर्तमानात दहा कुष्ठरोग्यांची कथा आहे. त्या काळी कुष्ठरोग्याला गावाबाहेर राहावे लागे, म्हणून ते दुरूनच हाका मारतात. येशू त्यांना याजकांकडे जाऊन स्वतःला दाखवण्यास सांगतो आणि वाटेतच ते बरे होतात. दहांपैकी एकच परत येतो, आणि तो निघतो शोमरोनी, म्हणजे यहुदी लोक ज्यांना हलके लेखीत त्या समाजाचा. बाकीचे नऊजण कोठे आहेत, असे येशू विचारतो. वर्धेजवळच्या दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी १९३६ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी काम उभे केले. सेवाग्रामला परचुरेशास्त्रींच्या जखमा गांधीजी स्वतः धूत असत. या मातीत वाढलेल्यांना त्या कथेतील 'गावाबाहेर' या शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागू नये. त्या नऊजणांना मी कृतघ्न म्हणणार नाही. त्यांना घरी जाण्याची घाई झाली असेल; किती वर्षांनी घर दिसणार होते! परंतु रोग गेला आणि देणारा विसरला, असे झाले खरे. त्यांचे शरीर बरे झाले होतेच. ते काढून घेतले गेले असे कथेत कोठेही नाही. आभार मानले नाहीत म्हणून देवाने शिक्षा केली, असा धाक येथे मुळीच घातलेला नाही, आणि मला ही कथा आवडण्याचे ते एक कारण आहे.

याच लूकमध्ये थोड्या पुढे दुसरी कथा येते, तीही वाचनीय आहे. एक परूशी मंदिरात उभा राहून देवाचे आभार मानतो. कशाबद्दल? तर आपण इतर लोकांसारखे नाही, त्या शेजारच्या जकातदारासारखे तर नाहीच नाही, याबद्दल! शब्द उपकारस्तुतीचे आणि मजकूर आत्मस्तुतीचा. आपल्याकडील सत्कारसमारंभांत 'मी आपला ऋणी आहे' अशी जी भाषणे होतात, त्यांपैकी काही ऐकताना या परूशाची हटकून आठवण होते.

आता मुख्य अडचणीकडे येतो. आमच्या घरी २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने कापूस नेला. त्या वर्षी विदर्भात ठिकठिकाणी हेच झाले होते. ज्या प्रदेशात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची बातमी ही नित्याची बाब होऊन बसली, तेथे कोणी 'देवाचे उपकार माना' म्हणाला, तर त्याला काय उत्तर द्यावे? माझा एक वर्गमित्र म्हणतो की कृतज्ञता ही गरिबांना गप्प बसवण्याची युक्ती आहे. त्याचे म्हणणे मला हसण्यावारी नेता येत नाही.

परंतु बायबलनेही ते हसण्यावारी नेलेले नाही. स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रे आहेत आणि त्यांतील कितीतरी सरळ सरळ तक्रारी आहेत. देवा, तू कोठे आहेस, किती दिवस वाट पाहायची, असे तेथे देवालाच विचारलेले आहे. हबक्कूक नावाच्या संदेष्ट्याच्या छोट्याशा पुस्तकाचा शेवट तर आपल्या शिवारातला वाटावा. अंजीर फुलले नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, शेताने अन्न दिले नाही, गोठ्यात गुरे उरली नाहीत, अशी नापिकीची पूर्ण यादी तो देतो आणि तरीही मी देवाच्या ठायी आनंद करीन म्हणतो. नापिकीबद्दल मात्र तो आभार मानत नाही. पौलाने थेस्सलनीकेच्या मंडळीला उपकारस्तुती करण्यास सांगितले, तेही सर्व स्थितीत, म्हणजे परिस्थिती कशीही असो. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात 'सर्व गोष्टींबद्दल' असा शब्दप्रयोग आहे, तो मला आजही पचत नाही. जाणकारांनी त्याचा उलगडा करावा. पण एवढे खरे की गाऱ्हाणे आणि उपकारस्तुती ही एकाच प्रार्थनेत बसतात. गाऱ्हाणे दाबून टाकून म्हटलेले आभार हे माझ्या मित्राने वर्णिलेल्या युक्तीच्या जातीचे, यात संशय नाही.

आचरणाच्या दृष्टीने पाहता ही गोष्ट अगदी साधी आहे. मराठी ख्रिस्ती घरांत जेवणापूर्वी ताटावर क्षणभर थांबून आभार मानतात. पुष्कळ मंडळ्यांत कापणीचा सण असतो. त्या दिवशी लोक शेतातले धान्य, भाजी, अंडी देवळात आणून वाहतात. आमच्याकडेही वेचणीच्या आरंभी सीतादही करतात. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकून, त्यांना लोणी-हळद लावून दुसऱ्या दिवसाच्या जेवणाचे आवतण देतात. वर्षभर ज्या खांद्यावर जू होते, त्याच खांद्याला हात लावून केलेली ही कृतज्ञता आहे. ख्रिस्ती प्रार्थनेची शिकवणही अशीच नेमकेपणाची आहे : 'सगळ्याबद्दल आभार' असे मोघम न म्हणता आज काय मिळाले ते नाव घेऊन सांगावे.

टिळकांना ही शिकवण मराठी वेषात आणायची होती. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु तुकारामांचा हात त्यांनी सोडला नाही. त्यांची उपासना-गीते अभंगाच्या वळणाची आहेत. 'उपासना-संगीता'तून मराठी मंडळ्या ती अद्याप गातात.

तरी माझ्या प्रश्नाला जास्त जवळचे उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. १८७४ च्या सुमारास दुष्काळाने त्यांचे आईवडील गेले, मागोमाग बहीण गेली. लग्नानंतर दोन वर्षांच्या आत, १८८२ मध्ये, पती वारले. अशा बाईने उपकारस्तुती कशाची करावी? १८९६–९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. आपला वर्धा जिल्हा त्या वेळी याच प्रांतात होता. रमाबाई तेथे गेल्या आणि शेकडो निराधार मुली-बायकांना घेऊन परतल्या. त्यांच्यासाठी केडगावला 'मुक्ती' उभे राहिले. तेथे शेती होती, शाळा होती, रोजची प्रार्थना होती आणि छापखानाही होता. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले आणि एप्रिल १९२२ मध्ये डोळे मिटण्यापूर्वी ते पुरे केले. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली होती. त्या भाषांतराचे खिळे जुळवण्याचे आणि छपाईचे काम मुक्तीतल्याच स्त्रियांनी केले. गाऱ्हाण्यांची स्तोत्रेही त्यात आली आणि उपकारस्तुतीचीही.