कोलोनोस्कोपी रद्द झाल्याच्या बातमीवरून



ठरलेली कोलोनोस्कोपी, म्हणजे कॅमेरा बसवलेल्या लवचीक नळीने करावयाची मोठ्या आतड्याची तपासणी, मुक्ताने ‘आता काही त्रास नाही’ असे सांगून पुन्हा रद्द केल्याचे दादाकडून कळले, तेव्हापासून तिच्या आत्याला चैन नाही. वास्तविक त्रास शमलेला असतानाच ही तपासणी करावी असे वैद्यकशास्त्र सांगते, कारण सूज भरात असली की सुजेने बदललेल्या पेशी आणि डिस्प्लेसिया, म्हणजे कर्करोगाआधी पेशींत होणारा बिघाड, यांतला फरक ओळखणे कठीण जाते.

मुक्ताला असलेल्या अल्सरेटिव्ह कोलायटिस या विकारात आतड्याच्या अस्तराला वर्षानुवर्षे सूज व व्रण राहतात, आणि झीज व भरपाईच्या त्या अखंड चक्रात पेशींचा बिघाड साचत जातो. २००१ साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या अंदाजानुसार कर्करोगाचा धोका १० वर्षांनी २ टक्के, २० वर्षांनी ८ टक्के आणि ३० वर्षांनी १८ टक्के होता. पुढच्या काळातील आकडे याहून बरेच कमी आहेत, हेही मुक्ताने तितक्याच विश्वासाने वाचावे. सूज केवळ गुदाशयापुरती असणाऱ्यांचा धोका फारसा वाढत नाही, परंतु मुक्ताची सूज डाव्या बाजूने बरीच वर गेलेली आहे. लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण ८ वर्षांनी पहिली पाहणी करावी असा संकेत आहे, आणि मुक्ताची लक्षणे निदानाच्या कितीतरी आधी, दहावीच्या वर्षातच सुरू झाली होती, हे घरात कोणाला ठाऊक नाही? मग पुढची तारीख कशासाठी?

मलातील गुप्त रक्ताची तपासणी येथे पुरत नाही. सुजेचेही रक्त त्यात उतरते आणि सपाट डिस्प्लेसिया रक्तस्रावाविना राहू शकतो. म्हणून कोलोनोस्कोपीत अस्तरावर रंगद्रव्य फवारून अशा जागा उठावदार करतात व संशयित जागेचा तुकडा तपासतात. सर्व ठीक निघाल्यास पुढची पाहणी धोक्यानुसार १ ते ५ वर्षांनी येते.

आपल्या घरातल्या अण्णांच्या आजारात शौचाविषयी बोलणे लाजेचे मानले गेले. तरुण आत्यानेही त्यांना कधी काही विचारले नाही, आणि ती खंत आजही जात नाही. आज विचारणे कठोर वाटले असेल, तर त्यामागे तीच खंत आहे. नोकरी नवी आहे, रजा मागताना कारण सांगायचा संकोच होतो, रेचकाची चव नकोशी असते, हे सारे आत्याला समजते. तारीख मुक्तानेच निवडावी. आदल्या दिवशी शहाळी घेऊन आत्या येईल, रेचकाचा प्रत्येक पेला संपेपर्यंत शेजारी बसेल, आणि अहवाल हाती येईपर्यंत परत जाण्याचे नाव काढणार नाही.