काचेवरील हिमनक्षी आणि कार्यकारणभाव



अतिथंड प्रदेशात हिवाळ्याच्या सकाळी खिडकीच्या काचेवर बर्फाची पाने, पिसे व वेली उमटलेल्या दिसतात. पाश्चात्त्य लोककथेत ही नक्षी जॅक फ्रॉस्ट नावाचा अदृश्य जीव काढतो. आपल्या पिपरी (मेघे) येथे काच शून्य अंशाखाली जात नाही. म्हणून आपल्याला पहाटे दिसते ते दव. महाबळेश्वरच्या वेण्णा तलाव परिसरात मात्र कडाक्याच्या थंडीत गवतावर व गाड्यांच्या टपांवर हिमकण आढळतात.

मग ही नक्षी काढतो कोण? अमेरिकेतील व्हरमाँट राज्याच्या जेरिको गावचा शेतकरी विल्सन बेंटली (१८६५-१९३१) याने या प्रश्नाचा पाठपुरावा केला. त्याचे बहुतेक शिक्षण घरीच, आईजवळ झाले. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून १५ जानेवारी १८८५ रोजी त्याने हिमकणाचे पहिले छायाचित्र घेतले. पुढे अशी पाच हजारांहून अधिक छायाचित्रे त्याने घेतली. काचेवरील हिमनक्षीचाही त्याने बारकाईने अभ्यास केला व तो १९०७ साली अमेरिकेच्या हवामान खात्याच्या मासिकात प्रसिद्ध झाला. शेती सांभाळून त्याने हे सारे केले.

कारणे अशी. खोलीतील हवेत वाफ असते. काच शून्याखाली गेली की ती वाफ पाणी न होता थेट बर्फ होऊन काचेला चिकटते. काचेवरचा ओरखडा, धूळ किंवा पुसल्याचा डाग येथून स्फटिक वाढू लागतो. पाण्याच्या रेणूंची बर्फातील मांडणी षट्‌कोनी असते आणि पुढे आलेल्या टोकाला वाफ अधिक मिळते. म्हणून फांद्या फुटतात.

हे घरी पडताळता येते. स्टीलचे दोन कोरडे पेले घ्यावेत. एकात बर्फाचा चुरा व थोडे पाणी घालावे. दुसऱ्यात तीन भाग बर्फाचा चुरा व एक भाग मीठ कालवावे. थोड्या वेळाने पहिल्याच्या बाहेरून पाण्याचे थेंब जमतील, तर दुसऱ्यावर पांढरा, खरखरीत थर धरेल. तो भिंगाखाली पाहावा. खोली तीच, हवा तीच, धातू तोच. मिठामुळे तापमान शून्याखाली गेले, एवढाच फरक.

तथागतांनी सांगितलेला प्रतीत्यसमुत्पाद हाच विचार शिकवितो. कारणे जुळली की वस्तू उत्पन्न होते, कारणे सरली की ती नाहीशी होते. त्यासाठी अदृश्य कर्ता मानावा लागत नाही. अंगुत्तर निकायातील अरक सुत्तात गवताच्या टोकावरील दवबिंदूची उपमा आयुष्याला दिली आहे, तीही पाहूनच सुचलेली असणार.

वैज्ञानिक दृष्टिकोन वाढविणे हे १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आपले मूलभूत कर्तव्य ठरले आहे. ज्या समाजाला शतकानुशतके 'हे असेच असते' म्हणून गप्प बसविले गेले, त्याच्या मुलामुलींनी 'हे असे का?' असे विचारणे ही लहान गोष्ट नव्हे. त्याला प्रयोगशाळाच हवी असे नाही. या हिवाळ्यात एक वही घ्यावी, रोज पहाटे दव कशावर पडले व कशावर पडले नाही याची तारखेसह नोंद करावी, आणि ती वही विहारात आणून सर्वांसमोर वाचावी, असे आम्ही सुचवितो.