योजना आणि निर्वाह : बोरघाटाच्या लोहमार्गाचा धडा

कोणतेंही मोठें काम हातीं घेतलें म्हणजे त्याची आंखणी कागदावर करणें हा एक भाग झाला. ती आंखणी दररोज पाळीत काम तडीस नेणें हा दुसरा, आणि आमच्या मतें अधिक कठीण. व्यापारांत हें जसें खरें आहे तसेंच शाळेंतही. या विषयाचे कोरडे नियम सांगण्यापेक्षां आपल्याच प्रांतांतील एका कामाची हकीकत विद्यार्थ्यांपुढें ठेवावी असें आम्ही योजिलें आहे.

मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं गेली. पुढें १८५६ सालीं लोहमार्ग घाटाच्या पायथ्याशीं खोपोलीस पोंचला आणि १८५८ सालीं घाटमाथ्यावर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत गाडी सुरू झाली. दोन्ही बाजूंस गाड्या धावूं लागल्या. मध्यें मात्र सह्याद्रि उभा! उतारूंनीं खोपोलीस उतरावें, पालखींत, तट्टावर किंवा बैलगाडींत बसून घाट चढावा आणि खंडाळ्यास पुनः आगगाडींत शिरावें, असा क्रम सुमारें पांच वर्षें चालला. यावरून एक गोष्ट ध्यानांत यावी. सोपे भाग कितीही लौकर उरकले तरी त्या घाईनें सगळें काम लौकर पुरें होत नाहीं. जो भाग सर्वांत लांबणारा, त्यावर संपूर्ण कामाची मुदत अवलंबून असते.

घाटांतील चढणीचें काम १८५६ च्या आरंभीं सुरू झालें. त्यापूर्वीं कित्येक वर्षें मोजणी चालली होती. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीचे मुख्य एंजिनियर जेम्स बर्कले हे होते. घाटाची वाट शिंग्रोबा नांवाच्या धनगरानें दाखविली अशी लोककथा आपल्याकडे सांगतात, व त्याचें देऊळही घाटांत आहे. कथा खरी असो वा नसो, तींत एक मर्म आहे: ज्यानें डोंगर पायांखालीं घातला आहे त्याला विचारल्यावांचून नकाशा काढूं नये. मोजणीअंतीं जो मार्ग ठरला तो पावणेसोळा मैलांचा. त्यांत चढ १,८३१ फूट, कांहीं ठिकाणीं तर ३७ फुटांस एक फूट. बोगदे २५ आणि कमानींचे मोठे पूल ८. एके जागीं सलग चढ साधेना, तेव्हां गाडी कड्याच्या टोंकाशीं थांबवून, एंजिन दुसऱ्या बाजूस लावून, उलट दिशेनें वर न्यावी अशी युक्ति केली. ही गैरसोय जाणूनबुजून पत्करलेली होती. आदर्श मार्गासाठीं अडून बसण्यापेक्षां चालणारा मार्ग आज बांधणें, हाही योजनेचाच भाग होय.

आतां निर्वाहाकडे वळूं. पहिले मक्तेदार फॅव्हिएल हे अनुभवी होते. मुंबई-ठाणें मार्गाच्या मक्त्यांतही त्यांचा भाग होता. परंतु घाटांत हजारों मजूर, मक्तेदाराच्या हाताखालीं उपमक्तेदार, त्यांच्या हाताखालीं मुकादम, अशी उतरंड रचली गेली, आणि मजुरी वरून निघून खालीं पोंचेपर्यंत अडूं लागली. १८५९ च्या जानेवारींत थकलेल्या मजुरीवरून कर्जतच्या बाजूस दंगा झाला. त्याच वर्षाच्या मार्चांत फॅव्हिएल यांनीं मक्ता सोडला. खडकाचा कठीणपणा सर्वांनीं मोजला होता. आठवड्याचा पैसा हातीं न आल्यास माणूस काय करील, हें मात्र कोणीं मोजलें नव्हतें. पावसाळ्यांत उघड्यावरचें काम थांबे, माणसें गांवीं परतत. पटकीची सांथ तर तळांमागून तळ रिकामे करी. या कामीं किती गोरगरीब मेले त्यांचीं नांवें कोठेंही कोरलेलीं नाहींत. म्हणून या कामाची स्तुति करतांना आमची लेखणी थोडी अडखळते.

नवे मक्तेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ च्या उत्तरार्धांत इंग्लंडाहून आले आणि थोड्याच आठवड्यांत मरण पावले. असें झालें असतां बहुतेक कामें बंद पडतात. परंतु त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनीं मक्ता सोडला नाहीं. अ‍ॅडमसन व क्लाउझर या दोन जाणत्या एंजिनियरांवर देखरेख सोंपवून त्यांनीं काम चालू ठेविलें. १८६१ च्या सुमारास घाटांत ४२,००० माणसें राबत होतीं. २१ एप्रिल १८६३ रोजीं गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्तें मार्ग खुला झाला. बर्कले तो दिवस पाहण्यास उरले नव्हते. ते आदल्या वर्षींच निवर्तले. १८६७ सालीं घाटांतील एक मोठा पूल कोसळून पुनः बांधावा लागला, हेंही सांगितलें पाहिजे. उद्घाटनाच्या दिवशीं सगळें कांहीं संपत नाहीं.

सर्वांत लांब सांखळी हुडकून काढण्याच्या या विचारास पुढें १९५७ सालीं अमेरिकेंत ड्यू पाँ कंपनीच्या कामांत गणिती रूप मिळालें. तीच रीत आपल्या स्नेहसंमेलनास लावून पाहूं. नाटक निवडून पात्रें ठरविण्यास ७ दिवस, नकला करण्यास ५, तालमींस ३०, रंगीत तालमीस २. एकामागून एक मिळून ४४ दिवस. पोशाख शिवण्यास १५ दिवस लागतात, परंतु पात्रें ठरतांच मापें घेतां येतात आणि पोशाख रंगीत तालमीसच लागतात. म्हणजे शिंप्यास ३५ दिवसांचा अवकाश, त्यांत २० दिवसांची सवड. शिंपी आठवडाभर आजारी पडला तर काळजी नको. नकलांस दोन दिवस उशीर झाला तर मात्र संमेलन दोन दिवस पुढें गेलें. बहुधा आम्ही सर्वजण शिंप्याच्या मागें धांवतों आणि नकला विसरतों.

शिवाय प्रत्येक कामापुढें एक नांव लिहावें, आणि त्याशेजारीं तो विद्यार्थी गैरहजर राहिल्यास तें काम कोण पाहील त्याचेंही. तालमींस राहणाऱ्या मुलांच्या फराळाचा खर्च कोणत्या दिवशीं, कोणाच्या हातून मिळणार, तेंही त्याच कागदावर असावें. विद्यार्थ्यांनीं असा कागद आपल्या वर्गाच्या पुढील सहलीसाठीं करून पाहावा: वाहन ठरविणें, पालकांच्या संमतिपत्रिका, वर्गणी, शिधा, एवढीं चारच कामें घ्यावीं, आणि त्यांतील कोणत्या कामास एका दिवसाचीही सवड नाहीं तें शोधून काढावें.