परसातील माती आणि शिसे

परसातली भाजी म्हणजे निर्भेळ भाजी, असा आपला समज आहे; आणि पुष्कळ ठिकाणी तो खराही आहे. परंतु मातीच शुद्ध नसेल तर काय, याचा विचार व्हावा म्हणून हा छोटा पाठ आम्ही सभासद बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

शिसे हा जड धातू. पालापाचोळा कुजतो, शिसे कुजत नाही. पडले तेथे मातीच्या वरच्या थरात वर्षानुवर्षे राहते. ते येते कोठून? जुन्या दारे-खिडक्यांच्या तैलरंगाचे पोपडे, फुटक्या बॅटऱ्या आणि पूर्वीच्या पेट्रोलचा धूर यांतून. आपल्या देशात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. घरगुती रंगांतील शिशावर दहा लाख भागांत ९० भाग ही मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून आली. त्यापूर्वीचे शिसे मात्र मातीत आहे तेथेच आहे.

ऑस्ट्रेलियातील मॅक्वारी विद्यापीठाने २०१३ पासून नागरिकांच्या बागांतील माती विनामूल्य तपासली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत सिडनीतील तपासलेल्या घरांपैकी ४० टक्के घरांची माती तेथील मर्यादेपलीकडे, म्हणजे किलोमागे ३०० मिलिग्रॅमपलीकडे, आढळली.

खरा धोका लहान मुलांना. मातीचे हात ती तोंडात घालतात, आणि त्यांचे शरीर मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शिसे शोषून घेते. त्याचा आघात मेंदूवर होतो. शिकणे जड जाते, लक्ष टिकत नाही. ‘मठ्ठ’ म्हणून ज्याला आपण रागावतो, त्याचा त्यात काडीचाही दोष नसेल! शिशाचे निर्धोक असे कोणतेच प्रमाण ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

मग बागच मोडावी काय? मुळीच नाही. जुन्या भिंतीलगत व रहदारीच्या रस्त्याकडेला भाजी लावू नये. तेथे फुलझाडे किंवा हिरवळ असावी. उघडी माती नसावी. संशय असेल तर वाफे उंच करून बाहेरची चांगली माती भरावी. शेणखत भरपूर घालावे. त्याने शिसे बांधले जाते. पालेभाज्या व कंदमुळे यांना माती चिकटते, म्हणून ती नीट धुवावी, कंद सोलावे. टोमॅटो, वांगी, भेंडी यांत धोका कमी. मुलांचे हात जेवणापूर्वी धुवावे. जुना रंग कोरडा घासू नये.

शेवटी एक सूचना. माती डोळ्यांनी ओळखता येत नाही, प्रयोगशाळेतच कळते. आपल्या न्यासाने या महोत्सवी वर्षात सभासदांच्या परसातील मातीची तपासणी करविली, तर पुढच्या पिढीला ती मोठीच देणगी ठरेल.