घाटात रुग्णवाहिका कुठल्या बाजूने येणार?

खुलताबादला राहून मदतकार्य करायचं म्हणजे वर्षाचं वेळापत्रक पाठच होतं. हनुमान जयंतीला आणि श्रावणातल्या शनिवारी भद्रा मारुती, महाशिवरात्रीला वेरूळ, दर्ग्याचा उरूस, पावसाळ्यात म्हैसमाळचा घाट आणि पाऊस रुसला की टँकरच्या रांगा. आसपासच्या गावांतली पोरंपोरी बरोबर घेऊन आम्ही हे सांभाळतो. मोठं संकट कोसळलं तर मराठवाड्यात इतरत्रही जातो. पुढे हे काम ज्यांच्या हाती जाईल, त्यांच्यासाठी थोडं लिहून ठेवतो.

1. पहिला हात शेजाऱ्याचा असतो.

30 सप्टेंबर 1993, पहाटेचे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली. भूकंप झाला आणि किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं मातीचं माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळलं. लष्कर आलं, यंत्रं आली, पण त्याआधी गावकऱ्यांनी हातांनी माती उपसून कितीतरी जणांना बाहेर काढलं होतं. कोण कुठल्या खोलीत निजतं, हे त्यांनाच माहीत होतं. मी तेव्हा विशीत होतो, मदतीला गेलो होतो. तिथून आल्यापासून मी तयारीची सुरुवात सामानापासून करत नाही, वहीपासून करतो.

प्रत्येक गावाची एक वही. अंथरुणाला खिळलेलं कोण, पहिल्या बाळंतपणाला माहेरी कोण आलीय, डायलिसिसला कोण जातं, ट्रॅक्टर कोणाकडे, जेसीबी कोण चालवतो, पट्टीचा पोहणारा कोण, विहिरीत उतरणारा कोण. आशाताई, महसूल सेवक (पूर्वीचे कोतवाल) आणि पोलीस पाटील एकत्र बसले की अर्ध्या दिवसात ही वही भरते. मात्र ती दोनदा तपासावी लागते: एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा दसऱ्यानंतर. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि कित्येक घरांत म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं एवढीच उरतात. तरण्या माणसांच्या भरवशावर केलेली योजना त्या दिवसांत कागदावरच राहते.

2. प्रमुखाने एका जागी बसावं.

हे तरुण कार्यकर्त्यांच्या पचनी पडत नाही. दगड उचलायला सगळ्यांत आधी आपण धावावं, असं त्यांना वाटतं. त्या धावण्यामागची तळमळ खरी असते, पण प्रमुखच ढिगाऱ्यात उतरला तर तहसीलदारांचा फोन कोण घेणार, दुसऱ्या वस्तीवरून आलेला निरोप कोणापाशी पोचणार? आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 साली आला आणि जिल्ह्याची सूत्रं जिल्हाधिकाऱ्यांकडे गेली. आपण त्या साखळीतली गावाकडची कडी आहोत. ती कुठे सापडेल हे सगळ्यांना ठाऊक पाहिजे. शाळेचा ओटा, देवळाचा पार, जिथे ठरलं तिथे. आणि आपल्यानंतर निर्णय कोण घेणार, त्याचं नावही आधीच सांगून ठेवावं.

3. गर्दीत येण्याच्या वाटेइतकाच परतीच्या वाटेचा विचार करावा.

हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री छत्रपती संभाजीनगर शहरातून माणसं भद्रा मारुतीला चालत निघतात. छावणी, मिटमिटा, दौलताबाद आणि मग घाट. निजलेल्या मारुतीचं दर्शन पहाटे व्हावं म्हणून लेकुरवाळ्या बायाही अनवाणी चालतात. ही श्रद्धा मी लहानपणापासून पाहतो आणि तिच्यापुढे माझं डोकं झुकतं. म्हणूनच या रात्रीची व्यवस्था चोख हवी.

दौलताबादला किल्ल्याच्या जुन्या दरवाजातून रस्ता जातो. तिथे वाहनं अडली की मागचं सगळं ठप्प. घाटात कोणाच्या छातीत कळ आली आणि शहराकडून रुग्णवाहिका मागवली, तर ती या गर्दीमागेच उभी राहील. म्हणून एक गाडी वर, खुलताबादच्या बाजूला, तोंड खाली करून उभी ठेवायची. वळणावळणावर दोघं-दोघं, एकाकडे मोटारसायकल, कारण मध्यरात्री मोबाइल लागेलच असं नाही. लेकरांच्या मनगटावर बापाचा नंबर बॉलपेनने लिहायचा. हे काम आमच्या मुली पहिल्या पाणपोईवरच करतात, गप्पा मारत. त्यामुळे लेकरू बुजत नाही आणि आई थांबते.

सगळ्यांत जपायची ती सकाळ. रात्रभर चाललेली माणसं दर्शन झालं की मिळेल त्या टेम्पोत चढतात, पेंगणारा पोरगा मोटारसायकलवर तिघांना घेतो. त्या वेळी आपले स्वयंसेवकही दमलेले असतात. म्हणून पहाटेची तुकडी वेगळी, रात्री झोपून आलेली असावी.

25 जानेवारी 2005ला वाईजवळच्या मांढरदेवीला चेंगराचेंगरीत सुमारे 300 भाविकांचा जीव गेला. नारळाच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या. पायरीवर सांडलेलं पाणी पुसायला माणूस नेमणं हे मला तेव्हापासून किरकोळ काम वाटत नाही.

4. काय हवं ते विचारूनच न्यावं.

किल्लारीत रस्त्याच्या कडेला जुन्या कपड्यांचे ढीग पडले होते. देणाऱ्यांनी मनापासून दिलेले असतील, पण सर्वस्व गेलेली बाई दुसऱ्याचं विटलेलं लुगडं ढिगातून उपसायला धजत नाही. 2025च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पूर आला, शेतंच्या शेतं खरवडून निघाली. एका वस्तीवर आम्ही शिधा घेऊन गेलो, तर तिथली म्हातारी म्हणाली, "बाबा, पीठ हाय, तवा वाहून गेला. अन् म्हशीला काय घालू?" पुढच्या फेरीत तवे, परात, कडबा आणि मुलांच्या वह्या गेल्या. सॅनिटरी पॅडही न्यावेत. ते कोणी मागत नाही, म्हणून मुलींनीच मुलींना विचारावं.

5. भोंगे दोन्हीकडचे पाहिजेत.

देवळाचा आणि मशिदीचाही. सूचना एकच, शब्दही तेच, वेळही तीच. औरंगजेबाच्या कबरीवरून खुलताबादचं नाव बातम्यांत गाजतं तेव्हा पुराआधी अफवा येते आणि तीही आपत्तीच असते. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांशी एरवी चहापाण्याची ऊठबस असेल, तरच त्या दिवशी ते आपला फोन उचलतात.

6. पंचनामा होईपर्यंत काम संपलं असं धरू नये.

पाणी ओसरतं, कॅमेरे जातात आणि मग कागद सुरू होतात. ओढ्याकाठी मेलेली गाय घरधनी त्याच दिवशी पुरतो. दुर्गंधी असते, शिवाय डोळ्यांपुढे ती बघवत नाही. पण पंचनामा आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांचा दाखला नसेल तर मदत अडते. म्हणून आमच्या प्रत्येक तुकडीत एकाच्या गळ्यात हेच काम असतं: पुरण्याआधी कानातला बिल्ला दिसेल असा फोटो काढणं, ग्राम महसूल अधिकाऱ्याला कळवणं, भिजलेलं पासबुक आणि आधार कार्ड वाळवून त्यांच्या प्रती काढून देणं. विधवा बाईच्या नावावर जमीन नसेल, तर तिच्याबरोबर तहसीलला जाणं. हा माणूस सगळ्यांत शांत स्वभावाचा निवडावा आणि महिनाभर त्याला दुसरं काही सांगू नये.