मागावरचा आपल्यापेक्षा वेगवान असेल तर

पाठलाग करणारा आपल्यापेक्षा वेगवान आहे आणि आपल्या हातात शस्त्र नाही. अशा वेळी काय करायचे? 'डेड बाय डेलाइट' हा व्हिडिओ गेम याच प्रश्नावर उभा आहे. कॅनडातील मॉन्ट्रियलच्या बिहेवियर इंटरॅक्टिव्ह या कंपनीने तो २०१६ साली आणला. एका बाजूला चार सर्व्हायव्हर, दुसऱ्या बाजूला एकटा किलर. मैदानात सात जनरेटर असतात. चौघांनी त्यातले पाच दुरुस्त केले की बाहेरच्या दरवाजांना वीज मिळते. किलर दोन फटक्यांत माणूस पाडतो आणि हुकला टांगतो.

पालकांसाठी आधीच सांगतो, हा खेळ प्रौढांसाठी आहे आणि होस्टेलमध्ये आमच्याकडे मोबाईलसुद्धा नसतो. सुट्टीत माझा कॉलेजमधला मामेभाऊ हा खेळ खेळतो. मी शेजारी वही आणि स्टॉपवॉच घेऊन बसतो. दादाला याचा फार राग येतो.

आता गणित. सर्व्हायव्हर सेकंदाला ४ मीटर धावतो आणि बहुतेक किलर ४.६ मीटर. म्हणजे दर सेकंदाला अंतर ०.६ मीटरने घटते. १२ मीटर पुढे असलो तर २० सेकंदांत पकडले जाणार, तेही फक्त ८० मीटर धावून. एकट्याने एक जनरेटर दुरुस्त करायला मात्र ९० सेकंद लागतात (२०२२ च्या बदलाआधी ८० लागायचे). २० सेकंदांत कोणाचेच काम होत नाही. म्हणून सरळ पळणारा स्वतःही अडकतो आणि बाकीच्या तिघांच्याही उपयोगाचा राहत नाही.

यावर उपाय म्हणजे फेऱ्या मारणे. मैदानात भिंती, खिडक्या आणि उभे करून ठेवलेले लाकडी पॅलेट असतात. भिंतीचा घेर २४ मीटर धरा. एका फेरीला ६ सेकंद लागतात आणि तेवढ्यात अंतर ३.६ मीटरने कमी होते. किलर ८ मीटर मागे असेल तर दोन फेऱ्या होतात, मग पॅलेट पाडावाच लागतो. इथे एक हुशार मुलगा विचारेल की सरळ धावलो तरी तेवढेच सेकंद मिळतात, मग फेऱ्या कशाला? बरोबर, सेकंद तेवढेच मिळतात. पण सरळ धावणारा शेवटी उघड्या मैदानात असतो, फेऱ्या मारणारा पॅलेटच्या शेजारी. फरक जागेचा आहे.

पाडलेला पॅलेट फोडायला किलरला २.३४ सेकंद लागतात. तेवढ्यात आपण सुमारे ९.३६ मीटर पुढे जातो. हे अंतर ०.६ ने भागले की १५.६ सेकंद. दोन्ही मिळून एका पॅलेटचे जवळजवळ १८ सेकंद झाले. पाच पॅलेट म्हणजे ९० सेकंद, म्हणजे बरोबर एक जनरेटर! दुसरे दोघेही आपापल्या जनरेटरवर असतील तर त्याच वेळात तीन. हे पहिल्यांदा वहीत आले तेव्हा मी तीनदा तपासले. एक खोच मात्र आहे. पाठलाग १५ सेकंद चालला की किलरचा वेग ०.२ मीटरने वाढतो आणि पॅलेट फोडला की पुन्हा मूळ वेगावर येतो. त्यामुळे आपला हिशेब जेमतेम टिकतो, सैल नाही. खिडकीचेही तसेच. एकाच पाठलागात तीच खिडकी तीनदा ओलांडली की ती काही काळ बंद होते.

मोडलेला पॅलेट सहसा परत मिळत नाही. सुरुवातीलाच घाबरून दोन मिनिटांत सगळे पाडले, तर त्या भागात नंतर येणाऱ्या साथीदाराकडे काहीच उरत नाही. म्हणून चांगला खेळाडू पॅलेट पाडायच्या आधी आणखी एक फेरी निघते का ते बघतो. पळतोही दुरुस्ती चाललेल्या जनरेटरच्या उलट दिशेला.

उस्तादांनी फील्डक्राफ्टच्या तासाला वस्तू का दिसतात ते शिकवले: आकार, सावली, चमक, हालचाल वगैरे. खेळात यातली हालचाल सर्वात महाग. धावणाऱ्याच्या मागे लाल ओरखडे उमटतात आणि काही सेकंद राहतात. चालणाऱ्याच्या मागे उमटत नाहीत. जवळून गेलो तर कावळे उडतात, वाकून गेलो तर बसून राहतात. मला हे सर्वात खरे वाटले. उलट किलर जवळ आला की छातीची धडधड ऐकू येते, बहुतेक किलरची ३२ मीटरवरून. ही सोय मात्र खऱ्या मैदानावर कोणी देणार नाही. किलरच्या पुढे जमिनीवर लाल प्रकाश पडतो, त्यावरून तो भिंतीच्या कोणत्या बाजूने येतोय ते कळते. मुरलेले किलर यासाठी उलटे चालतात. प्रकाश मागे राहतो आणि आपण नेमके त्याच्याच अंगावर धावत जातो.

काही जण सबंध डाव कोपऱ्यात लपून काढतात. दादाच्या टोळीत असा एक आहे. तो बऱ्याचदा जिवंत बाहेर पडतो आणि मला त्याचे काही कौतुक वाटत नाही, कारण एक जण पळत असताना जनरेटर दोघेच चालवतात. पळणाऱ्याने कमावलेले ९० सेकंद तो फुकट घालवतो. १६६० साली सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज विशाळगडाच्या वाटेला लागले, तेव्हा शिवा काशीद महाराजांच्या वेषात पालखीत बसून शत्रूच्या हाती लागले, असे आपण वाचतो. ते पकडले जाणार हे ठरलेलेच होते. प्रश्न होता तो वेळेचा, आणि त्या वेळात बाकीचे चालत राहिले.

सगळे किलर मात्र ४.६ चे नसतात. हंट्रेस ४.४ ने चालते. दर सेकंदाला अंतर फक्त ०.४ ने घटते, म्हणजे एका पॅलेटचे जवळजवळ २६ सेकंद, चार पॅलेटमध्येच जनरेटर पूर्ण. कागदावर ती सोपी वाटते. पण ती लांबून कुऱ्हाड फेकते आणि कमरेएवढ्या भिंतीवरून कुऱ्हाड सहज येते. तिच्यापुढे वरचे गणित बाजूला ठेवून फक्त उंच भिंती शोधायच्या.